अकराव्या ओळीखाली

मशिदीच्या भोंग्यावरून नगरपालिका बोलते आहे:
आज रात्री पारा उणे दोन, स्टोव्ह पेटवा.
देमरेत अजानीइतकीच ही हाकही लोकांना पाठ झाली आहे.
एल्मास उठते, गुडघ्यांना दोन शिव्या हासडते,
रबरी बूट चढवते.

कागदोपत्री याला हरितगृह म्हणतात.
डोंगरावरून पाहिलं तर हिरवं काहीच दिसत नाही.
दिसतं पांढरं, पार समुद्रापर्यंत पांढरं,
कुणी दूध उतू जाऊ दिलं
आणि पुसायचं विसरलं, तसं.
इथं पूर्वी संत्री होती.
मोहोर आला की माणसं रात्री खिडक्या उघड्या टाकून निजायची.
आता खिडकीबाहेर प्लास्टिक,
प्लास्टिकच्या आत टोमॅटो,
आणि टोमॅटोच्या आत
बारा महिने एकच महिना.

शहद आधीच आली आहे. इदलिबची, एकोणीस वर्षांची.
तिची खोली शेडच्या टोकाला,
छपराच्या उतरवलेल्या प्लास्टिकचीच.
टोमॅटोच्या छपराला तीन वर्षांची हमी असते.
तिच्या छपराला नाही.

ती भुंग्यांची पेटी गोधडीत गुंडाळते.
पुठ्ठ्याची पेटी, बेल्जियमहून आलेली,
वर तारीख छापलेली: सहा आठवडे.
मग नवी मागवायची.
शहद म्हणजे मध. पण हे भुंगे मधाचे नव्हेत,
फूल हलवायचं, एवढंच त्यांचं काम.
"तुझ्यासारखंच की," एल्मास एकदा बोलून गेली होती,
आणि मग दिवसभर
तिला पोरीच्या नजरेला नजर देता आली नव्हती.

दोघी स्टोव्हपाशी बसतात. ऑलिव्हचा चोथा जळतो, धूर डोळ्यांत जातो.
एल्मास बडबडते, झोप येऊ नये म्हणून:
विहीर यंदा आणखी खाली गेली.
चहात कितीही साखर घाल, तळाला मीठ लागतंच,
समुद्र आतून चालत येतोय बघ.
नोव्हेंबरात रशियातून माल परत आला,
कसल्याशा औषधाचा अंश निघाला म्हणे.
मग काय, इथल्याच बाजारात विकला.
आपणच खाल्ला.

बाहेर शून्य. आत चार.
तीनच्या सुमाराला ती ते सांगते,
जे पोटच्या पोराला सांगितलेलं नाही:
हिकमेतनं एक्क्याण्णव साली खांबासाठी खड्डा घेतला,
अकराव्या ओळीत, चार हात खाली,
तर कान लागला.
दगडाचा. बाईचा.
पाळीला भोक होतं, डूल नव्हता.
अख्खं शहर आहे म्हणे आपल्या खाली,
नदीनं गाळ आणून आणून निजवलेलं.
वर कळवलं असतं तर दोरी बांधली असती, पाटी लावली असती,
आणि बँकेचे हप्ते? ते काय त्या बाईनं भरले असते?
रात्रीतच माती ओढली.
खांब हातभर बाजूला रोवला.
तेवढा एकच खांब ओळीत नाही. जा, बघून ये.

पोराचं शिक्षण, सिमेंटचं घर, हिकमेतचं कफन,
सगळं त्या बाईच्या डोक्यावर उभं आहे.
आणि तिनं एकदासुद्धा हूं का चूं केलं नाही.

शहद जाते. वाकड्या खांबापाशी उकिडवी बसते,
ठिबकची नळी बाजूला करून ओल्या मातीवर तळवा ठेवते.
बराच वेळ ठेवते.
"आमचं घरही असंच खाली गेलं," ती मोडक्या तुर्कीत म्हणते,
"पण त्याला नदी लागली नाही."

एल्मास स्टोव्हचं झाकण उघडते,
आत घालायला काही नसतं,
पुन्हा बंद करते.

साडेसहाला भोंगा परत बोलतो, या वेळी अजान.
छपराला आतून धरलेलं पाणी टपकायला लागतं,
पानांवर, क्रेटवर, दोघींच्या मानेवर, कुणालाही न निवडता.
शहद पेटीवरची गोधडी काढते, दार सरकवते.
एक भुंगा बाहेर येतो, थंडीनं जड झालेला,
इतकी फुलं सोडून तिच्या बाहीवर बसतो.
ती हात हलवत नाही.

आठला ट्रक येईल.
सव्वीस क्रेट भरायचे आहेत.
ती हात हलवत नाही.